पाळ खाली रुंद का असते?

(स्मृतिव्याख्यानमालेत इटियाडोह येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

गोठणगाव, प्रतापगड, नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावहून आलेले शिक्षक मित्रहो, आणि बाकांवर जागा न मिळाल्यानं खिडकीत बसलेल्या मुलांनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव मागच्या फलकावर आहेच. मी ते भाषणात घेणार नाही. माइकवरून स्वतःचं नाव ऐकू आलं की गुरुजी पान खायच्या निमित्तानं मंडपाबाहेर सटकत, आणि सत्कार उरकल्यावरच परत येत. आज ते बाहेर जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे.

माझा विषय प्रश्नपत्रिका. फोनवर सांगितला तेव्हा संयोजक क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "सर, गावकरीपण राहतील कार्यक्रमाला." म्हटलं, राहू द्या. प्रश्नपत्रिका हा कागद वर्षातून चार वेळा प्रत्येक घरात येतो, आणि तो कसा तयार होतो हे त्या घरातल्या कोणालाच कधी सांगितलं जात नाही. आपण ज्या धरणाजवळ बसलो आहोत ते बांधणाऱ्यांनी नकाशा काढला, माती तपासली, पाणी किती दाबेल याचा हिशेब केला. गाढवी नदीवरची ही सुमारे ३० मीटर उंचीची भिंत १९७० पासून उभी आहे. आमच्या प्रश्नपत्रिकेलाही असा एक नकाशा असतो. त्याला संविधान तक्ता म्हणतात. पण आमच्याकडे बहुतेक वेळा भिंत आधी उभी राहते आणि नकाशा नंतर काढून फाइलला लागतो.

गोष्ट माझ्याच एका पेपरची आहे. बरीच वर्षं झाली. आठवीच्या विज्ञानाच्या सहामाही परीक्षेत मी प्रश्न टाकला होता : 'धरणाची भिंत तळाशी रुंद का असते?' गुण दोन. तक्त्यात मी तो 'आकलन' या रकान्यात दाखवला. धरणाच्या कुशीतली मुलं, त्यांना त्यांच्याच धरणावरचा प्रश्न. स्वतःवर फार खूश होतो.

गठ्ठा तपासायला घेतला. पहिलं उत्तर : 'द्रवाचा दाब खोलीनुसार वाढत असल्याने धरणाची भिंत तळाशी रुंद असते.' दोन गुण. दुसरं तेच, तिसरंही तेच, 'असल्याने'सकट. चाळीसेक पेपरांत हे एकच वाक्य, कारण ते मीच फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि मी ते गाइडातून घेतलं होतं. मधेच एका मुलीचा पेपर आला. तिनं लिहिलं होतं : 'पाळ खाली बारीक ठेवली तर खालूनच फुटते. वरचं सारं पाणी खालच्या पाण्यावर बसून राहते.' मी पेन थांबवलं. 'दाब' शब्द नाही, 'खोली' शब्द नाही, शुद्धलेखन यथातथाच. अर्धा गुण दिला.

गुरुजी तेव्हा निवृत्त झालेले होते, संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे. गठ्ठ्यातले पेपर उगीच चाळत होते. या पेपरावर थांबले. रागावले वगैरे काही नाहीत. एवढंच विचारलं, "हिला अर्धा दिलास ते ठीक आहे. बाकीच्यांना दोन-दोन दिलेस, त्यांना हे समजलं आहे हे तुला कशावरून कळलं?"

आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

आधी तक्त्याविषयी, कारण सभेत पालकही आहेत. समजा वीस गुणांची घटक चाचणी आहे आणि तीन घटक शिकवून झाले आहेत. पहिल्याला दहा तासिका लागल्या, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. तर गुणही साधारण त्याच मापानं : दहा, सहा, चार. हा झाला घटकांचा भारांश. दुसरा हिशेब उद्दिष्टांचा. मुलाला नुसतं आठवतं आहे का, ते ज्ञान, पाच गुण. स्वतःच्या शब्दांत उलगडता येतं का, ते आकलन, सात गुण. न पाहिलेल्या ठिकाणी वापरता येतं का, ते उपयोजन, पाच. आकृती काढता येते, मोजता येतं, ते कौशल्य, तीन. तिसरा हिशेब प्रश्नांच्या प्रकारांचा आणि चौथा काठिण्याचा : सहा गुण सोपे, दहा मध्यम, चार कठीण. हे सगळे हिशेब एका चौकटीत बसवायचे. घटक उभे, उद्दिष्टं आडवी, आणि खोक्याखोक्यात प्रश्न. आडवी बेरीज वीस आणि उभी बेरीजही वीस आली पाहिजे. गणित चौथीचं आहे. अवघड काय असेल तर ते शिकवायला सुरुवात करण्याआधी मांडणं.

हे आपल्याकडे आलं कुठून? शिकागो विद्यापीठातले बेंजामिन ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६ साली प्रसिद्ध केलं. लगेच १९५७-५८ मध्ये ते भारतात आले, देशात ठिकठिकाणी शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या, आणि १९५८ मध्ये परीक्षा सुधारण्यासाठी एक केंद्रीय कक्ष उभा राहिला. त्याआधी मुदलियार आयोगानं परीक्षेच्या पाठांतरी वळणावर बोट ठेवलं होतंच. आपलं माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून कामाला लागलं, म्हणजे या विचारानंतर जन्मलेलं मूल आहे ते. ब्लूम यांच्या मूळ मांडणीत सहा पायऱ्या होत्या : ज्ञान, आकलन, उपयोजन, मग पृथक्करण, संश्लेषण आणि मूल्यमापन. वरच्या तीन पायऱ्या आपण शाळेपुरत्या गुंडाळल्या आणि त्या जागी कौशल्य ठेवलं. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ही शिडी पुन्हा रचली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर 'निर्मिती' ठेवली. बी.एड.ला हे सगळं आम्ही पाठ केलं. हो, पाठच केलं. ब्लूमच्या सहा पायऱ्या लिहा, गुण सहा. पाठांतराविरुद्धचं शास्त्र आम्ही पाठांतरानंच पास झालो.

मग शाळेत आल्यावर तक्त्याचं काय होतं? परीक्षा सोमवारी असते. शनिवारी आठवण होते. गेल्या वर्षीचा पेपर, एक गाइड आणि एक अपेक्षित प्रश्नसंच समोर घेऊन रात्री पेपर तयार होतो. काही ठिकाणी तेवढंही नाही, छापील संचच विकत येतात. तपासणी लागली की त्या पेपरावरून तक्ता तयार करतात. 'का' असेल तो प्रश्न आकलनात, 'उदाहरण सोडवा' असेल तो उपयोजनात, 'आकृती काढा' असेल तो कौशल्यात. बेरीज वीस येईपर्यंत एखादा प्रश्न या खोक्यातून त्या खोक्यात सरकवतात. वर्षाअखेरी बचत गटाचा जमाखर्च जुळवावा तसा. मी हे अनेक वर्षं केलं आहे, म्हणून मला बोट दाखवून कोणाला दोष द्यायचा नाही. ज्या माणसाच्या अंगावर खिचडीचा हिशेब, मतदारयादी आणि दोन वर्ग एकत्र असतात त्याला शनिवारच्या रात्रीशिवाय वेळ मिळतो कुठं? पण सवड नाही हे एक आणि समज नाही हे दुसरं. दुसऱ्यावर बोलायला मी उभा आहे.

माझी चूक क्रियापदावर विश्वास ठेवण्यात होती. 'का' विचारलं म्हणजे आकलन तपासलं असं मी समजलो. पण ज्या 'का'चं उत्तर फळ्यावर लिहून झालं आहे, तो 'का' नुसती आठवण तपासतो. प्रश्न कोणत्या खोक्यात जातो हे त्याच्या शब्दांवरून सांगता येत नाही. वर्गात काय घडलं आणि प्रश्नात काय विचारलं, या दोहोंत किती अंतर आहे त्यावर ते ठरतं. म्हणून ज्यानं वर्गात शिकवलेलं नाही, किंवा शिकवणाऱ्याला विचारलेलं नाही, त्याला तक्ता भरताच येत नाही. तालुकाभर एकच पेपर काढताना ही अडचण सगळ्यात मोठी असते. प्राश्निक एका शाळेतला, गुण मिळणारी मुलं पन्नास शाळांतली.

गुरुजींच्या त्या प्रश्नानंतर पुढच्या वर्षी मी दुसरा प्रश्न काढला. दोन तलाव आहेत. एकाचा पसारा नवेगावबांधासारखा मोठा, पण तुडुमाजवळ पाणी तीन मीटर खोल. दुसरी एक लहानशी बोडी, पण पाणी पाच मीटर खोल. तुडुमाच्या तोंडाशी पाण्याचा दाब कुठं जास्त? ज्यांना शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, आपल्या जुन्या तलावांच्या पाळीतून पाणी सोडायची जी सोय असते ती तुडूम, आणि जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं ती सलंग. या भागातल्या कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले तेव्हा पास्कलचं नाव त्यांच्या कानावरून गेलेलं नव्हतं. पण पाळीच्या तळाला किती माती लागते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हुशार म्हणून नाव असलेल्या बहुतेक मुलांनी लिहिलं, मोठ्या तलावात. का? तर तिथं पाणी जास्त. हीच मुलं 'दाब खोलीनुसार वाढतो' हे वाक्य झोपेत म्हणून दाखवतील. दाब पसाऱ्यावर नसतो, खोलीवर असतो, हे त्यांना वाक्य म्हणून येत होतं, पाणी म्हणून येत नव्हतं. मग वर्गात आकडे मांडले. खोली गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण. तीन मीटरला २९,४०० पास्कल, पाच मीटरला ४९,०००. तरीही एक पोरगा हटून बसला, "सर, बोडीचं पाणी कसं काय जिंकन मोठ्या तलावाले?" मग एक रुंद डबा आणि एक उभी नळी आणली. दोघांना तळाशी सारखंच भोक पाडलं. नळीतली धार लांब गेली तेव्हा तो गप्प झाला. माझ्या मते त्या प्रश्नपत्रिकेचं सगळ्यात चांगलं काम परीक्षेनंतरच्या त्या तासाला झालं.

पण यात एक मेख आहे. पुढच्या वर्षी हाच प्रश्न मी पुन्हा टाकला आणि जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिला. मोठ्या भावंडांच्या वह्या फिरल्या होत्या. वर्षभरात उपयोजनाचा प्रश्न ज्ञानाच्या खोक्यात येऊन पडला, एक अक्षरही न बदलता. प्रश्नपेढ्या तयार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पेढीत प्रश्न साठवता येतो, त्याचं उद्दिष्ट साठवता येत नाही. ते दरवर्षी धानाचं नवं पऱ्हं टाकल्यासारखं नव्यानं करावं लागतं.

आता पर्यायांविषयी, कारण समतोलाचा सगळ्यात जास्त घात तिथं होतो आणि त्याकडे कोणी पाहत नाही. 'पुढीलपैकी कोणतेही तीन सोडवा.' आपण पाच प्रश्न देतो. पाचातून तीन निवडायचे दहा प्रकार होतात. म्हणजे एका वर्गात दहा वेगवेगळे पेपर सोडवले जाऊ शकतात. त्या पाचांत दोन व्याख्या, एक आकृती आणि दोन उदाहरणं असतील, तर एक मूल दोन्ही व्याख्या आणि आकृती घेऊन मोकळं होतं, दुसरं उदाहरणांत अडकतं. तक्त्यात दोघांना उपयोजन तपासलेलं दिसतं. पर्याय द्यायचे तर एकाच घटकाचे, एकाच उद्दिष्टाचे आणि सारख्याच काठिण्याचे द्यावेत, नाहीतर देऊच नयेत. मुलांना पर्याय आवडतात हे खरं. आम्हालाही आवडतात, पेपर भरून निघतो.

भाषेचं एक सांगतो, हसू नका. एकदा भूगोलाच्या पेपरात मी पुण्याकडच्या एका संचातून प्रश्न जसाच्या तसा उतरवला : 'भाताची लावणी कोणत्या महिन्यात करतात?' इथल्या मुलांना धान माहीत आहे, रोवणी माहीत आहे; सुटीत तीच मुलं गुडघाभर चिखलात बांधीत उभी राहून रोवणी करतात. भात म्हणजे ताटातला, आणि लावणी म्हणजे मंडईच्या जत्रेतली. एकानं लिहिलं होतं, 'भाताची लावणी मी पाहिली नाही.' शून्य दिला तेव्हा मलाच कसंतरी झालं. तो प्रश्न ऋतुमान तपासणार होता, तपासलं भलतंच. याचा अर्थ सगळा पेपर झाडीबोलीत छापावा असा मी म्हणत नाही. प्रमाण शब्द मुलांना यायलाच हवेत. पण ज्या प्रश्नात शब्द तपासायचा नाही तिथं शब्दानं वाट अडवू नये. कंसात 'रोवणी' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मंडळाच्या पातळीवर हेच प्रश्न लाखांच्या हिशेबात येतात. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला, आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५. मधल्या काळात मुलं एकदम मठ्ठ झाली आणि मग एकदम हुशार झाली, असं कोणी मानणार नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, भाषा विषयांना कृतिपत्रिका आल्या आणि त्यांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते. आरडाओरडा झाल्यावर पुढच्या वर्षी ते परत आले. धान तेच, पायली बदलली. मला राग पायली बदलण्याचा नाही. लेखी परीक्षेत बोलणं आणि ऐकणं तपासता येत नाही, म्हणून ते वीस गुण असतात. ते उद्दिष्ट सोडून द्यायचं असेल तर तसं सांगावं, ठेवायचं असेल तर खिरापतीसारखे वीसपैकी वीस वाटू नयेत. त्या वादात निकाल वाढला की घटला एवढंच सगळे बोलले. काय मोजायचं राहून गेलं ते फारसं कोणी बोललं नाही.

२०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, पहिली-दुसरीला आकारिक (शिकता शिकता होणारं) सत्तर टक्के आणि संकलित (सत्राअखेरचं) तीस, सातवी-आठवीपर्यंत ते चाळीस आणि साठ. त्यावर वेगळं व्याख्यान होईल. आज एवढंच म्हणतो की आकारिकची आठ साधनं ज्या शाळेत नोंदवहीपुरती उरली, तिथं सगळा भार पुन्हा त्याच कागदावर आला.

आणि कागद शेवटी माणसांच्या हातून जातो. २०२३ च्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या विभागात प्रश्नांच्या जागी भलताच मजकूर छापून आला, आणि मंडळाला त्याचे सहा गुण मुलांना द्यावे लागले. तिथं प्राश्निक, नियामक, मुद्रितशोधक अशी साखळी असते, तरी हे झालं. आपल्याकडे तर प्राश्निकही आपण, नियामकही आपण आणि झेरॉक्स काढायला जाणारेही आपण. म्हणून मी एक सवय लावून घेतली. पेपर काढला की दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून स्वतः सोडवायचा, आणि नमुना उत्तर गुणविभागणीसह पूर्ण लिहायचं. मला पंधरा मिनिटं लागली तर मुलांना पाऊण तास पुरतो, असा माझा ठोकताळा. नमुना उत्तर लिहिताना अर्धे प्रश्न आपोआप गळतात. कारण कळतं, की आपल्यालाच नेमकं काय हवं होतं ते ठरलेलं नव्हतं.

त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं होतं. दोन गुण कशाचे, हे मी आधी लिहून ठेवलं नव्हतं. लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं : पाणी जसं खोल तसा जोर जास्त, एक गुण, जोर जास्त तिथं भिंत जाड, एक गुण. तिच्या दोन ओळींत दोन्ही होतं. वरचं पाणी खालच्यावर बसून राहतं, याहून नीट दाब मला आजही सांगता येत नाही.

कठीण-सोप्याच्या क्रमाबद्दल एक शेवटचं. या धरणाचं पाणी लाखांदूर, वडसा, आरमोरीकडे जातं. नहराच्या तोंडाशी ज्याचं शेत आहे त्याचं पोट आधीच भरलेलं असतं. कस लागतो तो टोकाच्या शेतापाशी. पेपरातही पहिला प्रश्न असा हवा की जे मूल रोज वर्गात आलं, मागच्या बाकावर बसलं, फारसं बोललं नाही, त्याची लेखणी चालू व्हावी. सुरुवातीलाच चार गुणांचं उदाहरण दिलं की ते मूल तिथंच बसतं आणि पुढचे येत असलेले प्रश्नही कोरे ठेवतं. आपण म्हणतो, त्याला काहीच येत नाही.

चहा तयार आहे असं मागून खुणावलं जात आहे. मी वीस चिठ्ठ्या करून आणल्या आहेत. प्रत्येकीवर एक प्रश्न आहे. चहाबरोबर चार-चार जणांनी बसावं आणि त्यांचे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे चार ढीग करावेत. सातवी चिठ्ठी पाळीची आहे. ती कुठल्या ढिगात टाकायची हे ठरवण्याआधी शेजारच्या शिक्षकाला विचारा, त्यानं या प्रश्नाचं उत्तर वर्गात लिहून दिलं होतं का.